रुळालगतच्या इंचाइंचाची सूट

एप्रिल २०१६ मध्ये चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीतून मुंबईची पहिली वातानुकूलित लोकल कुर्ल्याच्या कारशेडमध्ये येऊन दाखल झाली. ती मध्य रेल्वेवर धावणार असे ठरले होते. प्रत्यक्षात ती धावली पश्चिम रेल्वेवर, आणि तीही २५ डिसेंबर २०१७ रोजी. मार्ग बदलण्यामागे मोठे कारण होते गाडीची उंची. नेहमीच्या लोकलपेक्षा ही गाडी काही सेंटीमीटरच उंच होती. पण मध्य रेल्वेच्या दक्षिण मुंबईतल्या पट्ट्यात ब्रिटिशांच्या काळातले पूल रुळांवर इतके खाली आलेले, की गाडीचे छप्पर, त्यावरची २५ हजार व्होल्टची तार आणि पुलाचा तळ या तिघांत पुरेसे अंतर उरत नव्हते. मध्य रेल्वेला वातानुकूलित लोकल मिळाली ती ३० जानेवारी २०२० रोजी, ठाणे–पनवेल ट्रान्सहार्बर मार्गावर, आणि त्या गाडीची उंची मुद्दाम कमी ठेवलेली होती.

काही सेंटीमीटरसाठी अख्खी गाडी मार्ग बदलते, याचे प्रवाशाला नवल वाटते. रेल्वेत काम करणाऱ्याला वाटत नाही. गाडीला रूळ लागतात तशी रुळांभोवतीची रिकामी जागाही लागते, आणि ही जागा मिलिमीटरमध्ये मोजलेली, कागदावर रेखलेली आणि कायद्याने राखलेली असते. तिचे नियम कडक आहेत. तरीही या नियमांना देशभर हजारो अपवाद आहेत. ते कुठे, का आणि कोणाच्या सहीने दिले जातात, हे समजून घेतले तर रेल्वेची सुरक्षितता नेमकी कशावर उभी आहे ते कळते.

भारतीय रेल्वेच्या ब्रॉडगेजसाठी या मापांचे एक पुस्तक आहे. त्याचे नाव ‘शेड्यूल ऑफ डायमेन्शन्स’, खात्यातल्या बोलीत ‘एसओडी’. अलीकडच्या काळात २००४ आणि २०२२ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. या पुस्तकाचा गाभा म्हणजे दोन आकृत्या. पहिली आकृती चालत्या गाडीची : डबा, वाघीण किंवा इंजिन यांचा कोणताही भाग या रेषेच्या बाहेर जाता कामा नये. दुसरी आकृती स्थिर वस्तूंची : पूल, बोगदा, खांब, सिग्नल, भिंत, फलाटाचे छप्पर यांपैकी काहीही या रेषेच्या आत येता कामा नये. दोन रेषांच्या मधली जागा मोकळी ठेवलेली असते. स्प्रिंगवर झुलणारा डबा, झिजलेली चाके, थोडेसे सरकलेले रूळ, वळणावरचा कल, वाऱ्याने हलणारी तार, या सगळ्यांचा हिशोब त्या मोकळ्या जागेत धरलेला असतो.

यातले काही आकडे माहीत असावेत. सर्वसाधारण गाडीची कमाल रुंदी ३२५० मिलिमीटर. प्रवासी फलाटाची कड रुळांच्या मध्यरेषेपासून १६७० ते १६८० मिलिमीटरवर, म्हणजे चूक करायला जागा फक्त एका सेंटीमीटरची. उंच प्रवासी फलाट रुळापासून ७६० ते ८४० मिलिमीटर वर, सखल फलाट जास्तीत जास्त ४५५ वर. मालाचा फलाट १०६५ मिलिमीटरपर्यंत चालतो. आता दोन शेजारच्या रुळांच्या मध्यरेषांमधले अंतर पाहू. नव्या कामांसाठी ते ५३०० मिलिमीटर हवे. पण जिथे रूळ आधीपासून आहेत तिथे ४२६५ मिलिमीटर चालते. नव्या आणि जुन्या मापात एक मीटरहून अधिक तफावत, आणि दोन्ही मापे एकाच पुस्तकात, एकाच नियमाखाली. अपवादाची सुरुवात इथूनच होते.

४२६५ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ चौदा फूट. हे माप फुटांत विचार करणाऱ्या पिढीने ठरवले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली, तेव्हा डबे लहान होते आणि वेगही बेताचा होता. पुढच्या दशकांत बांधलेल्या पुलांना आणि बोगद्यांना त्या गाड्यांची मापे पुरेशी होती. नंतर गाड्या रुंद झाल्या, उंच झाल्या, वेगवान झाल्या. दगडी कमानी मात्र होत्या तिथेच राहिल्या. नवा नियम निघाला म्हणून एका रात्रीत सगळे पूल पाडता येत नाहीत. म्हणून एसओडीचे दोन भाग केलेले आहेत. पहिल्या भागातली मापे नव्या कामाला बंधनकारक. दुसऱ्या भागात, जे आधीपासून या मापांत बसत नाही त्यातले काय आणि कुठवर चालवून घ्यायचे, याच्या मर्यादा आहेत.

खात्यात अशा न बसणाऱ्या वस्तूला ‘इन्फ्रिंजमेंट’ म्हणतात. सिग्नलचा एखादा खांब चार सेंटीमीटर आत असेल, पादचारी पुलाची पायरी थोडी पुढे आली असेल, तर त्याची नोंद होते. कोणत्या किलोमीटरला, कोणत्या बाजूला, रुळापासून किती उंचीवर, किती आत, हे सगळे लिहून ठेवायचे आणि ठरावीक काळाने पुन्हा मोजायचे. पूर्वी यासाठी वाघिणीवर मापाची चौकट बसवून ती हळूहळू नेत. आता लेसरने मोजतात. साधन बदलले तरी नोंदीचे महत्त्व तसेच आहे. माहीत असलेल्या अडथळ्याशी गाडी वेग कमी करून, वेगळ्या रुळावरून किंवा पूर्ण थांबून जमवून घेऊ शकते. माहीत नसलेल्या अडथळ्यापुढे तिचा इलाज नसतो, कारण चालकाला गाडी डावी-उजवीकडे वळवण्याची सोय नाही.

नियम कागदावर जितका सोपा दिसतो तितका तो वळणावर राहत नाही. लांब बांबू खांद्यावर घेऊन माणूस गल्लीत वळतो तेव्हा बांबूची टोके भिंतींना लागतात. डब्याचेही तसेच होते. चाकांचे दोन संच रुळावरून वळतात, पण डबा सरळ आहे. त्यामुळे त्याचा मधला भाग वळणाच्या आतल्या बाजूला सरकतो आणि दोन्ही टोके बाहेर झुकतात. एसओडीत यासाठी सूत्र दिलेले आहे : मधल्या भागाचे सरकणे मिलिमीटरमध्ये काढायचे तर २७,३३० ला वळणाच्या मीटरमधल्या त्रिज्येने भागायचे, टोकांसाठी २९,६०० ला. ३५० मीटर त्रिज्येच्या वळणावर हे अनुक्रमे ७८ आणि ८५ मिलिमीटर येते. ही सूत्रे २१.३४ मीटर लांबीच्या जुन्या डब्यावर बेतलेली आहेत. आताचे एलएचबी जातीचे डबे २३.५४ मीटर लांब. तोच हिशोब त्यांच्यासाठी केला तर त्याच वळणावर टोक ८५ ऐवजी सुमारे ११९ मिलिमीटर बाहेर जाते.

याशिवाय कलाचा प्रश्न असतो. वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच ठेवतात, म्हणजे गाडी वेगात बाहेर फेकली जात नाही. हा फरक ७५ मिलिमीटर असेल तर चार मीटर उंचीवरचे डब्याचे छप्पर आतल्या बाजूला सुमारे १७ सेंटीमीटर झुकते. गाडी तिथे थांबली असेल तर तो झोक तसाच कायम. म्हणून वळणावरचा फलाट, वळणावरचा खांब, वळणावरचा बोगदा यांना सरळ मार्गावरचे माप लावून चालत नाही. तिथे जास्तीची जागा सोडावी लागते. जुन्या स्थानकांवर ही जागा सोडायला वावच नव्हता, आणि अपवादांची गर्दी नेमकी अशाच ठिकाणी होते.

मग हे अपवाद मंजूर कोण करते? रेल्वेनेच नियम करायचे आणि रेल्वेनेच ते माफ करायचे, हे धोक्याचे, असे ब्रिटिश अमलातच लक्षात आले होते. जुलै १९३७ मध्ये बिहारमध्ये बिहटा इथे भीषण अपघात झाला. त्यानंतर पॅसिफिक जातीच्या इंजिनांची चौकशी करण्यासाठी समिती नेमली गेली, आणि तिने सुचवले की तपासणी करणारे अधिकारी रेल्वे बोर्डाच्या हाताखाली नसावेत. १९४१ मध्ये ते वेगळे झाले. आजचे रेल्वे सुरक्षा आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली काम करतात. आगगाडीचा निरीक्षक विमान खात्यात कसा, असे विचारणाऱ्याला उत्तर हेच. नव्या कामात एखादे माप पाळता येत नसेल तर रेल्वेला आपली बाजू लेखी मांडावी लागते आणि प्रकरण आयुक्तांमार्फत रेल्वे बोर्डाकडे जाते. सूट मिळालीच तर बहुधा अटींसह मिळते : इतक्या वेगापेक्षा जास्त नको, अमुक जातीची गाडी नको. भारतीय रेल्वेच्या सगळ्या रचनेत ही बाहेरची सही फार मोलाची आहे, आणि तिचे स्वातंत्र्य जपले पाहिजे.

काही अपवाद एकाच प्रवासापुरते असतात. वीजकेंद्राचे रोहित्र, कारखान्याचे अवजड यंत्र, अशा वस्तू ठरलेल्या रेषेत मावत नाहीत. खात्यात त्यांना ‘ओडीसी’ म्हणतात, म्हणजे मापाबाहेरचा माल. असा माल निघण्याआधी त्याची उंची-रुंदी प्रत्येक पातळीवर मोजतात आणि वाटेतल्या प्रत्येक पुलाच्या, बोगद्याच्या, फलाटाच्या नोंदीशी ताडून पाहतात. उरणाऱ्या अंतरावरून अ, ब, क असे वर्ग पडतात. अंतर नऊ इंचांहून जास्त राहत असेल तर फारशी अडचण नाही. सहा ते नऊ इंच उरत असेल तर वेग ताशी ४० किलोमीटरवर येतो. त्याहून कमी असेल तर सुरक्षा आयुक्तांची मंजुरी, ताशी २५ किलोमीटरची मर्यादा, दिवसाउजेडीच प्रवास आणि सोबत रेल्वेची माणसे. या माणसांचे काम एकच : अरुंद जागा आली की खाली उतरायचे आणि डोळ्यांनी पाहत गाडी पुढे काढायची. मिलिमीटरच्या सगळ्या कागदपत्रांनंतर शेवटचा भरवसा माणसाच्या नजरेवर ठेवला जातो, हे मला या व्यवस्थेतले सर्वांत शहाणपणाचे कलम वाटते.

काही ठिकाणी मात्र अपवाद दिलाच जात नाही. कोकण रेल्वेने जानेवारी १९९९ मध्ये कोलाड ते वेर्णा अशी रो-रो सेवा सुरू केली. भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवायचे आणि सह्याद्रीच्या बोगद्यांतून गोव्याला पोचवायचे. रस्त्यावर ट्रकच्या उंचीकडे कोणी फार बारकाईने पाहत नाही. इथे ट्रक वाघिणीवर चढण्याआधी त्याची उंची तपासली जाते, कारण त्याच्यापुढे अनेक किलोमीटरचे बोगदे आहेत. मापापेक्षा उंच माल भरलेल्या ट्रकला परत फिरावे लागते, आणि तिथे रदबदली चालत नाही.

माप पाळण्याचा प्रश्न फक्त जुन्या किंवा गरीब रेल्वेचा, असे समजू नये. २०१४ मध्ये फ्रान्समध्ये उघडकीस आले, की सरकारी रेल्वे कंपनीने मागवलेल्या नव्या प्रादेशिक गाड्या सुमारे १३०० फलाटांना घासतील इतक्या रुंद आहेत. गाड्यांची मापे ठरवताना वापरलेली माहिती होती तीस वर्षांच्या आत बांधलेल्या फलाटांची. देशातले कितीतरी फलाट पन्नास वर्षांपूर्वीचे होते आणि ते रुळाच्या अधिक जवळ होते. फलाटांच्या कडा तासायचा खर्च पाच कोटी युरोंच्या घरात गेला. फ्रान्समध्ये तेव्हा रूळ सांभाळणारी संस्था वेगळी होती आणि गाड्या चालवणारी वेगळी. जुन्या फलाटांचे अपवाद एकीकडे नोंदलेले, गाडीचा आराखडा दुसरीकडे चाललेला, आणि या दोघांची गाठ पडली नाही.

स्पेनमध्ये फेब्रुवारी २०२३ मध्ये याहून मोठा गदारोळ झाला. कँटाब्रिया आणि अस्तुरियास या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या मीटरगेज मार्गांसाठी ३१ गाड्या मागवल्या होत्या. किंमत सुमारे २५ कोटी ८० लाख युरो. त्या प्रदेशातले काही बोगदे एकोणिसाव्या शतकातले आहेत आणि आजच्या प्रमाण मापांत बसत नाहीत. प्रमाण मापावर गाड्या आखल्या असत्या तर त्या बोगद्यांत शिरल्याच नसत्या. चूक गाड्या बांधायच्या आधी लक्षात आली, तरी प्रवाशांना नव्या गाड्या काही वर्षे उशिरा मिळणार हे ठरले. वाहतूक खात्याच्या राज्य सचिव आणि सरकारी रेल्वे कंपनीचे अध्यक्ष यांना राजीनामे द्यावे लागले. दोन्ही देशांत नियम होते आणि मोजमाप होते. कमी पडली ती जुन्या अपवादांची जिवंत, हाताशी असलेली यादी.

अमेरिकेतली परंपरा वेगळी आणि आपल्या दृष्टीने फार बोलकी आहे. तिथे मालगाड्यांचे शंटिंग करणारे कामगार वाघिणीच्या बाजूच्या शिडीला धरून उभ्याने प्रवास करत. एखादी भिंत किंवा खांब रुळाच्या जवळ असेल तर वाघीण सुखरूप जाई, पण बाजूला लटकलेला माणूस चिरडला जाई. म्हणून अनेक राज्यांनी रुळालगतच्या मोकळ्या जागेचे नियम कामगाराचे शरीर धरून केले. कॅलिफोर्नियात रुळाच्या मध्यापासून बाजूला साडेआठ फूट आणि वर साडेबावीस फूट जागा मोकळी हवी. बाजूला लटकलेला माणूस वाचेल, असा विचार त्यामागे आहे. या नियमालाही अपवाद आहेत : फलाट, गोदामाच्या आतला रूळ, जुने बांधकाम. पण अपवाद असलेल्या ठिकाणी ठळक पाटी लावतात. इथे वाघिणीच्या बाजूला लटकलेल्या माणसाला जागा नाही, असे त्या पाटीवर स्पष्ट लिहिलेले असते. नियमापासून मिळालेली सूट आणि तिची किंमत, दोन्ही कामगाराच्या डोळ्यांसमोर.

आता मुंबईकडे येऊ.

मुंबईची लोकल ही स्वतःच एक मोठा अपवाद आहे. लांब पल्ल्याच्या डब्याची कमाल रुंदी ३२५० मिलिमीटर, तर लोकलचा डबा ३६६० मिलिमीटर, म्हणजे बारा फूट रुंद. प्रत्येक डब्यात जास्त माणसे मावावीत म्हणून ही रुंदी घेतली, आणि अशा गाड्यांसाठी एसओडीत वेगळी मापे दिली. ही सूट विचारपूर्वक दिलेली आहे, तिच्याशिवाय मुंबई चालली नसती. पण मूळ रेषेपेक्षा डबा दोन्ही बाजूंना वीस-वीस सेंटीमीटर बाहेर आला की शेजारच्या वस्तूंशी उरणारे अंतर तितकेच कमी होते, हेही खरेच. विजेच्या तारेचा खांब साधारणपणे रुळाच्या मध्यापासून अडीच मीटरवर धरला, तर लोकलच्या बाजूपासून त्याच्यापर्यंत ६७ सेंटीमीटर उरतात. चौदा फुटांच्या जुन्या अंतरावरून दोन लोकल शेजारून गेल्या तर दोघींमध्ये ६० सेंटीमीटर. नव्या ५३०० मिलिमीटरच्या मापाने हेच अंतर १६४ सेंटीमीटर होते. गाडीसाठी ६० सेंटीमीटर पुष्कळ. पण सकाळच्या गर्दीत दारातून बाहेर झुकलेला माणूस, त्याच्या पाठीवरची सॅक, दांड्याला धरलेला हात, यांचा हिशोब त्यात कुठेही नाही.

एसओडीत चालत्या गाडीची जी आकृती आहे ती पत्र्याच्या डब्याची आहे. दरवाजे बंद आणि माणसे आत, हे तिने गृहीत धरले आहे. मुंबईच्या साध्या लोकलचे दरवाजे उघडे असतात आणि गर्दीच्या वेळी गाडीचा खरा आकार दारात लटकलेल्या माणसांनी ठरतो. या वाढीव आकाराला कोणत्याही आयुक्ताने मंजुरी दिलेली नाही, त्याची कुठल्याही नोंदवहीत नोंद नाही, त्याच्यासाठी वेगाची मर्यादा नाही. रेल्वे अधिनियमाच्या १५६व्या कलमाने पायरीवरून प्रवास करणे गुन्हा आहे. पण जिथे आत शिरायला जागाच नाही, तिथे या कलमाने माणूस आत जात नाही.

२४ जुलै २०१८ रोजी चेन्नईत हेच झाले. सेंट थॉमस माउंट स्थानकाजवळ एक उपनगरी गाडी बिघाडामुळे लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या रुळावर वळवली होती. त्या रुळाशेजारी काँक्रीटची भिंत आहे. दारात लटकलेले प्रवासी तिच्यावर आदळले आणि किमान चौघांचा जीव गेला. नेहमीच्या रुळावरून रोज प्रवास करणाऱ्यांच्या अंगवळणी तिथले खांब आणि भिंती पडलेल्या असतात. वेगळ्या रुळावर ती सवय कामाला येत नाही.

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींना ओलांडत असताना दारातले प्रवासी खाली पडले. त्या दिवशी चौघांचा मृत्यू झाला आणि अनेक जखमी झाले. दोन्ही गाड्यांच्या दारांत लटकलेले प्रवासी किंवा त्यांच्या बॅगा एकमेकांना घासल्या असाव्यात, असे रेल्वेने सुरुवातीला सांगितले. त्यानंतर साध्या लोकलनाही स्वयंचलित दरवाजे बसवण्याचा निर्णय झाला. वळणावरचा कल, डब्याच्या टोकाचे बाहेर जाणे, दोन रुळांतले अंतर आणि दारातली माणसे, हे चारही घटक एका जागी येतात तेव्हा ६० किंवा ८० सेंटीमीटर म्हणजे किती, ते असे कळते.

फलाटाची पोकळी हे याच प्रश्नाचे दुसरे रूप. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकात लोकल पकडताना एक शाळकरी मुलगी गाडी आणि फलाट यांच्या फटीत पडली आणि तिचे दोन्ही हात गेले. उच्च न्यायालयात प्रकरण गेले. लोकलच्या डब्याचा तळ फलाटापेक्षा बराच उंच असतो, आणि रुळाखाली दर काही वर्षांनी खडी टाकून रूळ उचलले जातात, तशी ही उंची आणखी वाढते. फलाट मात्र तिथेच राहतो. उपाय म्हणून मुंबईचे उपनगरी फलाट ८४० मिलिमीटरच्या सर्वसाधारण कमाल मर्यादेपलीकडे, ९२० मिलिमीटरपर्यंत उंच करायला परवानगी मिळाली. नियमाला दिलेली ही सूट माणसाला वाचवण्यासाठी आहे. नियमभंग आणि अपवाद यांत फरक करायचा असेल तर हे उदाहरण पुढे ठेवावे.

खडीने रूळ वर येतो तसा तो पुलाच्या तळाच्याही जवळ जातो. मुंबईत जुनी १५०० व्होल्टची डीसी वीज जाऊन २५ हजार व्होल्टची एसी वीज आली. पश्चिम रेल्वेवर २०१२ मध्ये, मध्य रेल्वेवर २०१५-१६ पर्यंत. एसीला तार आणि पूल यांच्यात जास्त अंतर लागते, साधारण २५० मिलिमीटर, आणि गाडी जात असतानाचे क्षणभर २०० मिलिमीटर. म्हणजे पूल जागचा हलला नाही, तरी एका तांत्रिक निर्णयाने तो नियमाबाहेर गेला. दरवेळी वेगमर्यादा लावून भागवता येईना. जानेवारी २०१६ मध्ये सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल पाडला गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये २७ तासांचा मेगाब्लॉक घेऊन दीडशे वर्षांहून जुना कर्नाक पूल उतरवला. त्याजागी नवा पूल जुलै २०२५ मध्ये खुला झाला. मुंबईकरांनी या ब्लॉकचा त्रास सोसला. त्यामागे पुलांचे जीर्णपण होते तसे तारेवरचे हे सेंटीमीटरही होते.

पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गावर, म्हणजे दादरीहून जेएनपीटीकडे येणाऱ्या मार्गावर, उलटा विचार केला आहे. तिथे एकावर एक दोन कंटेनर रचलेली ७.१ मीटर उंचीची गाडी जाते आणि वरची तार साडेसात मीटरवर आहे. रुंदीची मर्यादाही ३६६० मिलिमीटर. जुन्या मार्गाला सूट देत बसण्यापेक्षा नवा मार्ग बांधताना मापच मोठे घेतले. जिथे जमीन आणि पैसा मिळतो तिथे हा सर्वांत चांगला उपाय. सीएसएमटी ते कुर्ला पट्ट्यात, दोन्ही बाजूंना इमारती टेकलेल्या असताना, तो कधीच शक्य होणार नाही. तिथे अपवाद राहणारच. म्हणून ते उघड असणे जास्त गरजेचे.

रेल्वेच्या विभागीय कार्यालयांत इन्फ्रिंजमेंटच्या नोंदी आहेत, पण त्या फक्त खात्यासाठी आहेत. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर कोणत्या स्थानकात फलाट आणि डबा यांत किती फट आहे, कोणत्या वळणावर दोन लोकलमध्ये किती अंतर उरते, कोणता खांब दाराच्या किती जवळ आहे, ही माहिती प्रत्येक स्थानकात मराठीत लावावी. तसा फलक आपल्या स्थानकात दिसेपर्यंत प्रवासी संघटनांनी तो लेखी मागत राहावा, आणि स्वयंचलित दरवाजे प्रत्येक साध्या लोकलला बसेपर्यंत दारात उभ्या राहणाऱ्याने निदान दांडा आतून धरावा आणि सॅक पाठीवरून काढून पुढे घ्यावी.